कचरा असा द्या की निवडणाऱ्याच्या हाताला लागणार नाही

आपण कोणाला त्रास देत नाही असं आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं आणि ते खोटंही नसतं, शेजाऱ्याशी भांडत नाही, रात्री मोठ्याने गाणी लावत नाही, गाडी दुसऱ्याच्या जागेवर लावत नाही. पण रोज सकाळी दाराबाहेर जो डबा आपण ठेवतो त्यात काय आहे आणि तो पुढे कोणाच्या हातात जातो हे विचारलं तर गाडी तिथेच अडते. म्हणून हे लिहितोय. पर्यावरण वाचवा टाईपचं नाहीये हे, साधं आहे, तुमच्या घरातला कचरा एक माणूस हाताने उघडतो, हाताने निवडतो, त्या माणसाला कापू नये, टोचू नये, ओकारी येऊ नये आणि जमलं तर दोन पैसे जास्त मिळावेत यासाठी घरात नेमकं काय करायचं.

मी पुण्याच्या अंदाजाने लिहितोय कारण इथलं मला नीट माहितीये. तुमच्याकडे घंटागाडी येत असेल, सोसायटीचा स्वीपर असेल, ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर असेल, फार फरक पडत नाही. शेवटी कोणीतरी निवडतंच.

आधी हे बघा की डबा उचलल्यावर काय होतं

पुण्यात बऱ्याच भागात दारावर येणाऱ्या ताई 'स्वच्छ'च्या असतात. ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे, कंपनी नाही, कॉन्ट्रॅक्टर नाही. १९९३ साली डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आधी कचराकुंड्या उपसून पोट भरणाऱ्या बायकांची ही संघटना, आणि त्यातून पुढे 'स्वच्छ' निघाली, २००८ मध्ये महापालिकेशी करार झाला. म्हणजे ज्या बायका कुंडीत उतरून वेचायच्या त्याच आता दारावर येऊन घेतात. कुंडीतून दारात हा प्रवास मोठा आहे, पण दारात येऊनही डब्यात तेच सगळं एकत्र कालवलेलं मिळणार असेल तर मग कुंडीच बरी होती म्हणायची.

ताई चार-पाच मजले, शे-दीडशे घरं करून खाली येतात, ढकलगाडीपाशी किंवा शेडमध्ये बसतात आणि निवडायला घेतात. ओला वेगळा, सुका वेगळा, सुक्यातलं पुन्हा पुठ्ठा वेगळा, कागद वेगळा, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, बाटल्या वेगळ्या, काच, पत्रा. यातलं जे विकलं जातं ते पैसे त्यांचे. महिन्याला घरटी जी फी मिळते ती आणि हे भंगार, एवढीच कमाई. ओला आणि उरलेला कचरा महापालिकेच्या गाडीत चढवायचा, आणि गाडीवालेही मिक्स असेल तर कटकट करतात.

आता यात तुमची गाठ मारलेली पिशवी आली. ती उघडावीच लागते. बाहेरून कळत नाही ना आत काय आहे ते, आत बाटली असेल तर ती पैशाची आहे, आणि आत पॅड असेल तर ते सुक्यात जाऊन चालणार नाही. 'आम्ही तर व्यवस्थित पिशवीत बांधून देतो' असं सांगणारे लोक भेटतात त्यांना हे लक्षात येत नाही की बांधून दिल्यामुळे वास आणि घाण तुमच्या घरात येत नाही एवढंच, ती पुढच्या माणसाच्या तोंडावर उघडते.

हातमोजे का घालत नाहीत हा प्रश्न हमखास येतो. घालतात काहीजणी. पण स्वस्तातले रबरी मोजे दोन दिवसात फाटतात, जाड घातले तर कागद आणि प्लास्टिक बोटांना वेगळं कळत नाही आणि निवडायला दुप्पट वेळ लागतो, आत घाम साचतो. आणि सुई मोज्यातूनही जातेच. तेव्हा मोजे भेट देऊन आपलं काम संपत नाही.

सुरुवात डब्यांच्या रंगापासून करू नका, जे लागतं त्यापासून करा

सगळीकडे हिरवा डबा-निळा डबा यापासून सुरू करतात आणि लोक तिथेच कंटाळतात. मी म्हणतो आधी चारच गोष्टी सांभाळा, काच, सुया-ब्लेड, पॅड आणि डायपर. बाकी उद्यापासून केलं तरी चालेल पण या चार आजपासून.

फुटलेली काच. ग्लास फुटला, बरणी फुटली की आपण केरसुणीने गोळा करून सुपलीतून सरळ सुक्याच्या डब्यात ओततो. नको. वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या करून त्यात गुंडाळा, मग एखाद्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घाला (कुरिअरचे खोके असतातच घरात), चिकटपट्टी लावा आणि वर मोठ्या अक्षरात लिहा, काच. आणि डब्यात टाकू नका, ताईंच्या हातात द्या किंवा डब्याशेजारी ठेवा आणि तोंडाने सांगा. फरशीवर राहिलेला बारीक चुरा ओल्या कागदाने टिपला असेल तर तो कागदही त्याच खोक्यात, नाहीतर सगळं नीट करून तो एक बोळा डब्यात जातो आणि तोच लागतो.

ट्यूब आणि सीएफएल बल्ब तर फोडायचेच नाहीत, त्यात पारा असतो. नवीन ट्यूब आणली की तिच्या पुठ्ठ्याच्या नळकांड्यात जुनी ट्यूब घालून ठेवा, इतकं सोपं आहे हे. बऱ्याच इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारलं तर ठेवून घेतात, नाही घेतली तर ई-कचऱ्याची गाडी किंवा मोहीम येते तेव्हा द्यायची.

सुया. घरात डायबेटिस असेल तर हा भाग दोनदा वाचा. इन्सुलिनच्या पेनच्या सुया, साखर बघायच्या टोचणी, सिरिंज, हे रोजचं आहे आणि लाखो घरांत आहे. एक जाड प्लास्टिकची फिरकीच्या झाकणाची बाटली घ्या, फिनेलची किंवा कपड्याच्या लिक्विडची चालते, पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक फार पातळ असतं ती नको. वापरली की सुई त्यात, झाकण बंद. सुईला परत टोपण लावायच्या भानगडीत आपल्यालाच टोचतं तेव्हा बाटली हाताशीच ठेवा. तीन-चतुर्थांश भरली की झाकणावर टेप मारा आणि वर 'सुया' लिहा. तुमच्या डॉक्टरांकडे किंवा लॅबमध्ये विचारून बघा, त्यांचा कचरा वेगळी गाडी घेऊन जाते त्यामुळे काहीजण घेतात. नाही घेतली तर ताईंना वेगळी, हातात, सांगून. ही बाटली सुक्यात टाकली तर कडक प्लास्टिक म्हणून उघडली जाणार हे धरून चाला. आणि सुई टोचली की नुसतं दुखत नाही, कावीळ बी, धनुर्वात या भीतीने दवाखाना, इंजेक्शन, बुडालेला दिवस, सगळं आलं.

दाढीची ब्लेड, टाचण्या, खिळे, कटरचे तुकडे यासाठी एखादा जुना पत्र्याचा डबा. वर्षभर भरत नाही तो.

पॅड आणि डायपर

याच्यावर घरात बोलायला लोक अजून लाजतात आणि लाजण्यापायीच ते नको तिथे जातं, काळ्या पिशवीत गाठी मारून सुक्यात, ओल्यात तळाशी लपवून, काही वेळा तर संडासात टाकून फ्लश. मग पाईप तुंबतो आणि तो उपसायला पण माणूसच येतो.

करायचं काय तर पॅड गुंडाळा, वर्तमानपत्रात नीट पुडी करा आणि पुडीवर लाल मार्करने ठळक गोल काढा. पुण्यात 'स्वच्छ'ने हे रेड डॉट म्हणून लोकांपर्यंत नेलं, लाल ठिपका दिसला की पुडी न उघडता बाजूला. वेचक बायकांनी तर रद्दी कागदाच्या खास पिशव्याही बनवून विकल्या यासाठी. २०१६ च्या घनकचरा नियमांतही होतं की पॅड-डायपर नीट गुंडाळून द्यायचं आणि कंपन्यांनी पाकिटासोबत पाऊच द्यायचा, कंपन्यांचं काय ते त्यांनाच माहीत, आपल्याकडे पेपर आहे.

माझ्या मते अख्ख्या लेखातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट ही, पेपरचे अर्धे कापलेले तुकडे आणि एक लाल मार्कर बाथरूममध्येच ठेवा. किचनमध्ये नाही, पेपरच्या गठ्ठ्यात नाही, बाथरूममध्ये, टांगलेल्या पिशवीत. हाताशी असलं की होतं, शोधायला लागलं की होत नाही, आणि पाहुणी आली असेल तर तिला विचारावंही लागत नाही. तिथेच एक छोटा झाकणाचा डबा ठेवला की काम झालं.

डायपरचं थोडं जास्त काम आहे. आधी शी संडासात झटकून फ्लश करायची. हे नव्वद टक्के लोक करत नाहीत असा माझा अंदाज आहे, आकडा कुठला नाही, पण डबे बघितलेत. मग डायपर आतल्या बाजूने घट्ट गुंडाळून त्याच्याच टेपने बंद करायचं, पेपर, लाल गोल. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर मोठ्यांचे डायपर रोज चार-पाच निघतात आणि ते जड असतात, ते वेगळ्या पिशवीत ठेवा आणि ताईंना एकदा कल्पना देऊन ठेवा की आमच्याकडे असं आहे. त्या समजून घेतात, त्यांच्याही घरात म्हातारी माणसं असतात. जखमेचा कापूस, बँडेज, निरोध हे सगळं याच लाल गोलवाल्या पुडीत.

ओला कचरा: पाणी काढा, पिशवी काढा

इथे दोनच नियम आणि दोन्ही आपण पाळत नाही.

पाणी. उरलेली आमटी, चहाचा चोथा, टरबुजाची सालं, नासलेलं दूध हे सगळं डब्यात तसंच ओतलं की संध्याकाळपर्यंत तळाला दोन बोटं काळं पाणी जमतं. तो डबा उचलून ताई गाडीत उलटा करतात तेव्हा ते पाणी साडीवर, पायावर, जिन्यात. मग त्याच जिन्यात वास येतो म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रार करणारे आपणच. सिंकमध्ये एक जाळीची चाळणी ठेवा, सगळं आधी त्यात, पाणी निथळलं की डब्यात. डब्याच्या तळाशी पेपर घाला. ओल्या कचऱ्याचं अर्ध्याहून जास्त वजन नुसतं पाणी असतं आणि ते वजन कोणाच्यातरी खांद्यावरून उतरतं.

पिशवी. ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत भरून, गाठ मारून दिला की ती पिशवी फाडून रिकामी करायचं काम कोणाचं? बिना पिशवीचा डबा ठेवा, रात्री एकदा विसळा. विसळायचा कंटाळा येतो हे मान्य, पण तुमचाच डबा आहे.

माशांचं पाणी, कोलंबीची सालं, चिकनची हाडं यांचा वेगळा विषय. हे ओल्यातच जातं पण उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जे होतं ते सांगायला नको. पेपरमध्ये गुंडाळून डब्यात बंद करून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी गाडी यायच्या वेळेला बाहेर काढा. घरात अर्धे शाकाहारी असतील तर फ्रीजरवरून भांडण होणार, ते तुमचं तुम्ही बघा.

निर्माल्यातला दोरा, जरी, प्लास्टिकचं फूल, हारातली चकचकीत पट्टी काढा, फक्त फुलं-पानं ओल्यात. नारळाच्या करवंट्या आणि शहाळी लवकर कुजत नाहीत, कुठे सुक्यात घेतात कुठे ओल्यात, ताईंना विचारा.

आणि हा ओला वेगळा केल्याने फक्त ताईंचं भलं होतं असं नाही. ओला कचरा सुक्यात मिसळून डेपोवर ढिगात दाबला गेला की आत हवा लागत नाही, तो कुजतो, त्यातून मिथेन निघतो, आणि मिथेन पेटतो. मुंबईचं देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासूनचं, तिथे जानेवारी २०१६ मध्ये जी आग लागली तिचा धूर दिवसेंदिवस गोवंडी, चेंबूर भागात भरून राहिला, शाळा बंद ठेवायला लागल्या. वरून कुजताना जे काळं पाणी झिरपतं ते जमिनीत जातं, विहिरीत जातं. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना विचारा. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं तिकडे गेला, विहिरींचं पाणी वापरण्याजोगं राहिलं नाही, २०१७ मध्ये डेपो पेटला तेव्हा गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहरात कचऱ्याचे ढीग लागले. तेव्हा पेपरात 'पुणेकरांची कोंडी' वगैरे छापून आलं, फुरसुंगीकरांची कोंडी त्याआधी कितीतरी वर्षं चालूच होती. पुढच्याच वर्षी औरंगाबादला नारेगावच्या लोकांनी हेच केलं, आमच्याकडे नको म्हणाले, आणि शहरात महिनोन्महिने कचरा पडून. ही गावं हट्टी आहेत असं बोलणाऱ्यांनी एक रविवार तिकडे जाऊन जेवून यावं.

म्हणून ओला कचरा शक्य असेल तर घरातच किंवा सोसायटीतच जिरवा. बाल्कनीत एका मोठ्या भोकं पाडलेल्या कुंडीत किंवा बादलीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा वाळलेला पाला, त्यावर ओला कचरा, त्यावर परत पाला, आठवड्यातून दोनदा खालीवर, दीड-दोन महिन्यात खत. वास आला तर पाणी जास्त झालंय, पाला वाढवा. अळ्या झाल्या तर घाबरू नका, कोरडा पाला टाका. यावर माहितीचा महापूर आहे, मी वाढवत नाही. नाही जमलं तर नाही जमलं, निथळलेला ओला वेगळा दिलात तरी खूप झालं.

सुका कचरा म्हणजे कोणाचातरी पगार

इथे थोडं हिशोबाने बघा. ज्या घरातून कोरडा, स्वच्छ पुठ्ठा येतो त्याचा भाव वेगळा आणि आमटी लागलेला पुठ्ठा म्हणजे शून्य. श्रीखंडाचा डबा, दह्याचा कप, सॉसची बाटली, हे भांडी घासून झाल्यावर त्याच पाण्यात एकदा विसळलं तरी पुरे, साबण लावून चमकवायची गरज नाही.

दुधाच्या पिशवीचं आपल्या आज्यांनी शिकवलेलंच बरोबर आहे. कोपरा कापताना तुकडा पूर्ण वेगळा करायचा नाही, लोंबता ठेवायचा, कारण तो एवढासा तुकडा वेगळा झाला की कोणी वेचत नाही, तो गटारात जातो. पिशवीत पाणी घालून हलवायचं, ते पाणी चहात नाहीतर झाडाला, आणि पिशवी ओट्याच्या टाईल्सवर चिकटवून वाळवायची. वाळल्या की गठ्ठा.

आता एक नाजूक मुद्दा. बऱ्याच घरांत पेपर, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या हे सगळं रद्दीवाल्याला विकतात, महिन्याला दीड-दोनशे रुपये येतात, आणि ताईंच्या वाट्याला काय तर वेफर्सची पाकिटं, पॅड आणि ओला. मी म्हणत नाही की रद्दी विकू नका, माझ्या घरीही विकली जाते, आईचा तो हक्काचा फंड आहे. पण निदान बाटल्या, पुठ्ठे, दुधाच्या पिशव्या एवढं ताईंना जाऊ द्या. ज्या कामात फक्त घाणच मिळते ते काम किती दिवस कोण करणार.

वेफर्स, बिस्किटं, गुटखा यांच्या चमकत्या पाकिटांना कोणी विचारत नाही, त्यात प्लास्टिक आणि फॉइल एकत्र चिकटलेलं असतं. ती एका मोठ्या पाकिटात कोंबून द्या म्हणजे वाऱ्याने उडत नाहीत. पिझ्झाच्या खोक्याचं झाकण कोरडं असतं ते फाडून सुक्यात, खालचा तेलकट भाग ओल्यात. कुरिअरचे खोके चपटे करून द्या, टेप काढा, नाव-पत्त्याचं लेबल फाडा, ते तुमच्यासाठीच चांगलं. ज्यूसचे खोके विसळून चपटे.

जुने सेल, पॉवर बँक, मोबाईल, बॅटरीवरची खेळणी हे सुक्यात अजिबात नको. लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेते, गाडीत माणूस असतो. एक खोका करा, वर्षातून दोनदा ई-कचऱ्यात द्या. तसंच मुदत संपलेली औषधं, रंगाचे डबे, कीटकनाशकं, ॲसिडच्या बाटल्या. ॲसिडच्या बाटलीला झाकण घट्ट लावून वर लिहा, कारण ओळखायला कोणीतरी उघडून वास घेतं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत तर कचरा चार भागांत द्यायचा आहे, ओला, सुका, सॅनिटरी आणि हा विशेष काळजीचा. चार म्हटल्यावर लोकांनी डोक्याला हात लावला. पणजीत कॉलन्यांमधून सोळा प्रकारात निवडतात, वेंगुर्ल्यासारख्या छोट्या गावाने दोन डझनांवर प्रकार करून डंपिंग ग्राउंडची बघण्यासारखी जागा केली. तेव्हा चार म्हणजे काहीच नाही.

संक्रांतीनंतर मांजा. नायलॉनचा मांजा २०१७ पासून बंदी असूनही गच्चीवर, झाडावर सापडतोच. दिसला की कात्रीने बोटभर तुकडे करा आणि पेपरात बांधा. अख्खा गुंता दिला तर निवडताना बोटं कापतात आणि डेपोवर गेला की घारी-कावळे अडकतात.

डब्यापलीकडचं

वेळ. ताई कधी येतात हे माहीत करून घ्या आणि डबा त्याआधी बाहेर असू द्या. झाकण घट्ट, नाहीतर मांजर येतं आणि मग अख्खा मजला. त्या पुढे गेल्यावर बाल्कनीतून 'ओ मावशी, थांबा' म्हणून पाच मजले परत चढायला लावू नका, राहिला तर राहिला, उद्या द्या किंवा स्वतः खाली नेऊन द्या.

लिफ्ट. काही सोसायट्यांत कचऱ्याच्या ताईंना, कामवाल्या बायकांना लिफ्ट बंद आहे, म्हणे वास येतो. वास आपल्या कचऱ्याचा आहे. असा नियम असेल तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर करून तो काढायला सांगा, एवढं स्पष्ट बोलायला काही हरकत नाही. त्याच मीटिंगमध्ये खालचा वॉचमनचा संडास आणि हात धुवायचा नळ त्यांना वापरू द्या हेही लिहून घ्या. चार तास कचऱ्यात हात घातल्यावर डबा खायला हात कुठे धुवायचे हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो.

पैसे मागायला लावू नका. एक तारखेला पाकिटात तयार ठेवा किंवा ऑनलाईन करा. पाचशेच्या पिझ्झ्याला टीप देणारा माणूस कचऱ्याच्या पैशाला 'उद्या या' म्हणतो हे मी खूपदा ऐकलंय, तीच घरं, तेच लोक.

सुट्टी. त्या आल्या नाहीत तर पहिला मेसेज 'आज पण दांडी' असा नको. एक दिवस ओला कचरा घरात राहिला तर काही होत नाही, निथळलेला असेल तर वासही येत नाही. दिवाळीत तर फराळ आणि बोनस यासोबत दोन दिवसांची सुट्टी हीच खरी भेट, फक्त अख्ख्या सोसायटीने आधी ठरवायला हवं.

आणि विचारा. 'आमच्या डब्यात काय त्रास होतो?' असं सरळ विचारलं तर पहिल्यांदा काही नाही म्हणतील, दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला सांगतील, आणि जे सांगतील ते या लेखात नसेलही.

घरातल्या लोकांना कसं वळवायचं

भाषण देऊन कोणी वळत नाही. दोन्ही डबे शेजारी-शेजारी ठेवा, एक किचनमध्ये आणि एक गॅलरीत असं केलं की जवळ असेल त्यातच सगळं जाणार. लहान मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर जमतं आणि ती आजोबांना टोकतात, ते काम त्यांच्यावर सोडा. घरकामाला येणाऱ्या मावशींना एकदा नीट दाखवा, त्यांच्या घरी वेगळी पद्धत असू शकते, आणि त्यांनी चुकून मिसळलं तर ओरडू नका, कारण तुमच्या घरातला कचरा निवडायचं कामही आपण हळूच त्यांच्यावर ढकललेलं असतं.

शेजारी करत नसतील तर ग्रुपवर त्यांच्या डब्याचा फोटो टाकून फ्लॅट नंबर लिहू नका. त्याने कोणी सुधारत नाही, फक्त पुढच्या मीटिंगला भांडण होतं आणि विषय पार्किंगवर जातो. समोरासमोर एकदा, हसत, तेही शक्यतो काच किंवा सुईबद्दल बोला. ओला-सुका ऐकून लोक कान बंद करतात, पण 'ताईंच्या हाताला काल काच लागली, कुठल्या घरातली माहीत नाही' असं म्हटलं की सगळेच आपापला डबा आठवून बघतात.

मोठे प्रसंग

वाढदिवस, सत्यनारायण, पन्नास माणसांचं जेवण. ताटं उचलताना उरलेलं अन्न एका पातेल्यात झाडून मग ताटं वेगळ्या पिशवीत, हे काम पाहुणे असतानाच करायचं, रात्री बारा वाजता कोणाला होत नाही. थर्माकोलच्या प्लेटवर राज्यात २०१८ पासूनच बंदी आहे, पानांच्या पत्रावळी घ्या, त्या ओल्यात जातात. पाण्याच्या छोट्या बाटल्या पाणी ओतून, चुरगाळून. आणि आदल्या दिवशी ताईंना सांगून ठेवा की उद्या जास्त असेल, जास्तीचे पैसे त्याच दिवशी हातात द्या.

गावाला जाताना ओल्याचा डबा रिकामा आणि कोरडा करून जा.

घर बदलताना किंवा फर्निचरचं काम काढल्यावर जे निघतं, फुटक्या फरशा, सिमेंट, प्लायचे तुकडे, ते ताईंच्या गाडीत चढवायचं नाही. राडारोडा वेगळा जातो, महापालिकेकडे त्याची वेगळी सोय असते, कॉन्ट्रॅक्टरशी बोलतानाच 'राडारोडा कुठे टाकणार' हे विचारा आणि कोटेशनमध्ये लिहून घ्या, नाहीतर तो रात्री नदीकाठी जातो. जुन्या कपड्यांमधलं वापरण्यासारखं धुवून, घडी करून वेगळं द्या, फाटकं-विटकं 'गरिबांना' म्हणून देऊ नका, ते पायपुसण्याला वापरा. आणि गादी. कापसाची असेल तर पिंजाऱ्याकडे परत पिंजून होते, फोमची असेल तर नवीन घेतानाच दुकानदाराला जुनी नेणार का ते विचारा, बरेच नेतात. जिन्याखाली ठेवून 'कोणीतरी नेईल' असं करू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही, भिजलेली गादी उचलायला चार माणसं लागतात आणि ती घ्यायला कोणी येत नाही.